पितळी डबीतली माती

उमरग्यात हायवेला लागून रुद्रम्माची मिरची-हळद कांडायची गिरणी आहे. तिखटाचा ठसका आणि रुद्रम्माचा आवाज, दोन्ही रस्त्यापलीकडच्या टपरीपर्यंत पोचतात आणि दोन्हींची लोकांना सवय झालेली आहे. बाई साठी उलटलेली, ठेंगणी, हाताला जड. तिच्या नाकावर माशी बसलेली कुणी बघितली नाही, आणि ‘माझं चुकलं’ हे शब्द तिच्या तोंडून निघालेले तर बापजन्मात कुणी ऐकले नाहीत. मुलगा गौरीशंकर गिरणी बघायला लागून दहा वर्षं झाली, तरी मिरचीला देठ राहिलेलं दिसलं की अजून तीच गिऱ्हाइकाला झापते.

असल्या बाईला गप्प बसवणारं घरात एकच माणूस होतं. नात शिवांजली, वय वर्षं सात. ‘अज्जी, गप की गं,’ एवढंच ती म्हणायची आणि अज्जी खरंच गप व्हायची. या पोरीला फाल्गुनात ताप यायला लागला, अंगावर काळेनिळे डाग उठले, आणि सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात रक्ताचा कॅन्सर निघाला. गौरीशंकर भिंतीला टेकून खाली बसला. रुद्रम्मा मात्र डॉक्टरीणबाईंच्या टेबलाजवळ गेली आणि म्हणाली, ‘इलाज हाय का न्हाय, एवढंच सांगा. बाकीचं आमी बघतो.’

इलाज होता. डॉक्टरीणबाईंचं नाव मोनिका, सगळे त्यांना मोनिका मॅडम म्हणायचे. त्यांनी नीट समजावून सांगितलं. औषध वाईट पेशी मारतं, पण त्याबरोबर रोगाशी लढणाऱ्या चांगल्या पेशीही मारतं. प्रत्येक खेपेनंतर पंधरा-वीस दिवस पोरीच्या अंगात कसलीच ताकद नसते. आपल्याला ज्यानं साधी शिंकही येणार नाही, त्यानं ती मरू शकते. मग त्यांनी एक कागद दिला. घरात कुंड्या नकोत, माती नको, जनावर नको, कच्चा पाला नको, पाणी उकळलेलं, माणसं कमीत कमी.

सून शिवरंजनीनं तो कागद फ्रीजवर चिकटवला. ती बालवाडीत बाई होती, पोरीसाठी तिनं बिनपगारी रजा टाकली होती. कागद चिकटवायचं काम तिनं केलं, पण तो पाळायला लावायचं काम केलं रुद्रम्मानं. अंगणातल्या कुंड्या तिनं एका दुपारीत शेजारी वाटून टाकल्या. अक्कलकोटहून सख्खी बहीण भेटायला आली, तिला फाटकातनंच चहा पाजून परत लावली. गौरीशंकर गिरणीतून आला की मागच्या दारी अंघोळ केल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती. एकदा तो नुसता मोबाइल घ्यायला आत शिरला, तर तिनं त्याच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतलं. ‘अव्वा, कपडे तरी काढू दे,’ तो म्हणाला. शिवांजली पलंगावर पडल्या पडल्या हसून हसून बेजार झाली. तिच्या डोक्यावर तेव्हा एक केस राहिला नव्हता.

तर अशी ही डोळ्यात तेल घालून बसलेली बाई. आणि घात तिच्याच हातून झाला.

त्याचं असं झालं. नागपंचमीला रुद्रम्मा पहाटे शेताच्या बांधावर गेली, दरसालासारखी. वारुळाला दूध वाहिलं, लाह्या टाकल्या, आणि दुधानं भिजलेली मूठभर माती पितळी डबीत घालून घरी आणली. ही माती तिच्या माहेरी कर्नाटकातही आणायचे, सासरीही आणतात. कान फुटला, खरूज झाली, नायटा उठला, नागीण उठली, की त्यातली चिमूटभर भिजवून लावायची. गौरीशंकरला लावली होती, त्याच्या बापाला लावली होती, आणि सगळे धडधाकट राहिले. डबी देव्हाऱ्यात बसली. कागदावर ‘माती नको’ लिहिलेलं होतं, ते रुद्रम्माला पाठ होतं. पण कागदातली माती म्हणजे कुंडीतली, पायाला लागून येणारी. देव्हाऱ्यातला प्रसाद त्यात धरायचा, असं तिच्या डोक्यातच आलं नाही.

पंचमीच्या आधीच औषधाची एक खेप झाली होती. सलाईनची सुई धरायला हातावर चिकटपट्टी लावतात, ती काढताना पोरीच्या मनगटाच्या वर कातडी सोलवटली. पंचमीनंतर आठ-नऊ दिवसांनी तिथं लालसर चट्टा आला आणि कडेनं बारीक पुळ्या. शिवांजली म्हणाली, ‘अज्जी, जळायलंय इथं.’

रुद्रम्मानं चष्मा लावून बघितलं. पुळ्या वळणानं उठत चालल्या होत्या. नागीण. तिच्या ओळखीतल्या कितीतरी माणसांना उठलेली तिनं बघितली होती, आणि नागिणीचा वेढा पुरा झाला की माणूस जातं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. शिवरंजनी तेव्हा औषधं आणायला दुकानात गेलेली. खरं तर फोन उचलून मॅडमना विचारायला दोन मिनिटं लागली असती. पण रुद्रम्मा देव्हाऱ्यापाशी गेली.

हात मात्र तिनं साबणानं स्वच्छ धुतले. डबीतली माती उकळून गार केलेल्या पाण्यात कालवली. एवढी काळजी घेऊन तिनं ती ओली माती पोरीच्या सोललेल्या कातडीवर लावली, वर धुतलेलं फडकं बांधलं. तास-दोन तासांनी पुसून काढली.

‘आईला सांगू नको हं,’ ती पोरीला म्हणाली. ‘तिला असलं पटत न्हाय.’

‘न्हाय सांगत,’ शिवांजली म्हणाली.

तिसऱ्या दिवशी चट्ट्याच्या मधोमध काळा ठिपका आला आणि ताप एकशे दोनवर गेला. गौरीशंकरनं गाडी काढली आणि त्यांनी दोन तासांच्या आत सोलापूर गाठलं. वाटेत रुद्रम्मा नागदेवाचा धावा करत होती. तिला नागीण पोरीच्या काळजात शिरल्यासारखी वाटत होती. माती वेळेवर लागली नाही, थोडी आधी लावायला पाहिजे होती, असंच ती त्या वेळी समजत होती.

दवाखान्यात मोनिका मॅडमनी हात बघितला, रक्त तपासायला पाठवलं, ताबडतोब जबर ताकदीची औषधं सुरू केली आणि सगळ्यांना विचारलं, ‘इथं घरी काही लावलं होतं? तेल, पाला, लेप, काहीही?’

‘काहीच नाही, मॅडम,’ शिवरंजनी ठामपणे म्हणाली. ‘आमच्याकडं सगळं कागदाप्रमाणं चालतं. आत्या तर वाऱ्यालासुद्धा आत येऊ देत नाहीत.’ आत्या म्हणजे तिची सासू. मॅडमनी रुद्रम्माकडं कौतुकानं बघितलं. रुद्रम्मा तोंडात गुळणी धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी काळा ठिपका लिंबाएवढा झाला. तिसऱ्या दिवशी त्याच्या कडा जांभळ्या होऊन वर कोपराकडं सरकायला लागल्या. ताप हटत नव्हता. मॅडम आता गडबडीनं बोलत नव्हत्या, सावकाश बोलत होत्या, आणि त्याचीच रुद्रम्माला जास्त भीती वाटली. साध्या जंतूंचा संसर्ग असता तर या औषधानं आवरायला हवं होतं, त्या गौरीशंकरला सांगत होत्या. दुसरं काही असलं तर त्याचं औषध वेगळं, आणि ते औषध मूत्रपिंडाला जड, या पोरीला उगाच देता येणार नाही. कातडीचा तुकडा काढून बघायचा म्हटलं तर रक्त गोठवणाऱ्या पेशीही कमी झालेल्या, रक्त थांबणार नाही. आधी बाहेरून रक्त भरायचं, मग उद्या-परवा तुकडा काढायचा. ‘हात वाचेल का मॅडम?’ गौरीशंकरनं विचारलं. मॅडम म्हणाल्या, ‘मला आत्ता हाताची नाही, तिची काळजी आहे.’

रुद्रम्मानं हे दारात उभं राहून ऐकलं. हळूहळू तिच्या डोक्यात उजेड पडायला लागला होता. नागीण असती तर मॅडमनी पहिल्या दिवशीच ओळखली असती. मग हे काय? आणि पोरीच्या अंगाला दुसरं लागलंय तरी काय? तिला डबी आठवली. डबीत दुधानं भिजलेली माती. आठ दिवस, श्रावणातल्या दमट हवेत, झाकण लावलेली. भाकरी आठ दिवस झाकून ठेवली तर तिच्यावर काय येतं, हे साठ वर्षांच्या बाईला कुणी सांगायला पाहिजे होतं का?

तरी ती बोलली नाही. का नाही बोलली, हे तिनं पुढं सगळ्यांना सांगितलं, लपवलं नाही. तिला वाटलं, सांगितलं तर सून पोरीजवळ फिरकू देणार नाही. पोरगी जायची असली तर निदान आपल्या डोळ्यांसमोर जावी. असला विचार तिनं केला. स्वतःच्या तोंडावर मारून घ्यावंसं वाटतंय, असं ती हे सांगताना म्हणायची.

तेवढ्यात मॅडम पलंगाच्या कडेला टेकल्या. ‘शिवांजली, बाळा, तू खरं सांगणारी मुलगी आहेस. या हाताला कुणी काही लावलं होतं का गं?’

पोरीचे ओठ ताप येऊन फुटले होते. तिनं डोळे उघडले, मॅडमच्या खांद्यावरून दाराकडं बघितलं, अज्जीला बघितलं.

‘न्हाय,’ ती म्हणाली. ‘काय पण लावलं न्हाय.’

एवढं बोलायलाही तिला दम लागला. आणि दम लागलेल्या अवस्थेत ती अज्जीला पाठीशी घालत होती. रुद्रम्मानं जन्मभर लोकांना दाबात ठेवलं होतं, पण आपला दाब इथवर पोचलेला तिनं कधी बघितला नव्हता.

ती आत आली.

‘मॅडम, ती खोटं बोलायलीय,’ ती म्हणाली. ‘तिला म्या शिकवलंय. म्या लावली माती. वारुळाची. पंचमीला आणलेली, दुधात भिजलेली, आठ-नऊ दिवस डबीत बंद होती. चट्टा सोललेला होता, त्याच्यावर लावली, तास-दोन तास ठेवली. ह्याला सहा दिवस झाले. सून दुकानात गेली होती, तिला ठावं न्हाय. पोराला ठावं न्हाय. मलाच ठावं हाय.’

गौरीशंकर एवढंच म्हणाला, ‘अव्वा, तू?’

मॅडम मात्र उठून उभ्या राहिल्या होत्या. रागावायला त्यांना वेळ नव्हता. ‘ओली माती. सोललेल्या कातडीवर. बरोबर सहा दिवस?’ त्यांनी दोनदा विचारलं आणि फोन काढला. उद्या-परवा करायचं ते अर्ध्या तासावर आलं. रक्ताची पिशवी चढत असतानाच त्यांनी काळ्या भागाच्या कडेचा नखाएवढा तुकडा काढला, स्वतः हातात घेऊन प्रयोगशाळेत गेल्या आणि तासाभरात परत आल्या. सूक्ष्मदर्शकाखाली जाडजाड धागे दिसले होते. बुरशी. कोरोनात लोकांच्या नाकाडोळ्यांत होऊन माणसं गेली, त्याच घराण्यातली. मातीत राहते, सडक्या पाल्यात राहते, धडधाकट माणसाच्या वाट्याला सहसा जात नाही. नुसत्या कातडीतून शिरलेली तर फार क्वचित बघायला मिळते, लहान पोरांत तर त्याहून क्वचित. मॅडमनी त्यांच्या सगळ्या नोकरीत दोनदा बघितली होती.

‘त्या दोघांचं काय झालं?’ शिवरंजनीनं विचारलं.

‘एक आहे,’ मॅडम म्हणाल्या. ‘आपण लवकर पोचलोय. आजच कापून काढू आणि आजच औषध सुरू करू.’

पोरीला शस्त्रक्रियेला नेलं. दार बंद झालं, आणि शिवरंजनी पहिल्यांदा सासूकडं वळली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, ‘तीन दिवस, आत्या. तीन दिवस तुम्ही माझ्या शेजारी बसला होता. मी मॅडमना तुमचं कौतुक सांगत होते. तुम्ही ऐकत होता.’

‘व्हय,’ रुद्रम्मा म्हणाली.

‘घरी जा तुम्ही. मला तुमचं तोंड बघायचं न्हाय.’

‘नको बघू. तोंड फिरवून बस. पण म्या जाणार न्हाय.’

‘कशाला थांबायलाव आता?’

‘माझं चुकलं म्हणून,’ रुद्रम्मा म्हणाली. गौरीशंकरनं मान वर केली. चाळीस वर्षांत त्यानं आईच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं, आणि ऐकल्यावर त्याला रडू फुटलं.

मनगटापासून कोपराच्या अलीकडपर्यंत कातडी काढावी लागली. हात राहिला. दोन दिवसांनी परत नेऊन कडेची आणखी थोडी काढली. औषध रोज चार-चार तास थेंबाथेंबानं जायचं आणि ते सुरू झालं की पोरीला हुडहुडी भरायची, दात वाजायचे, पलंग हलायचा. शिवरंजनी तिच्यावर पांघरुणं टाकून वर स्वतः आडवी पडायची. रुद्रम्मा हे काचेतून बघायची. खोलीत यायला तिला सुनेची बंदी होती आणि तिनं ती मोडली नाही. तिनं व्हरांड्यातला बाक धरला. दवाखान्यासमोरच्या धर्मशाळेत चूल मिळायची, तिथं ती पोरीसाठी मऊ भात आणि मुगाचं वरण कुकरमध्ये शिजवायची आणि डबा नर्सच्या हातात द्यायची. डब्यावर कागद चिकटवलेला असायचा. किती वाजता शिजवलं, पाणी किती मिनिटं उकळलं, हात कधी धुतले. एकदा लिहिलं होतं, ‘झाकण खाली पडलं होतं. परत उकळून लावलं. नको वाटलं तर टाकून द्या.’ शिवरंजनीनं तो डबा टाकून दिला. दुसऱ्या दिवशी रुद्रम्मानं दुसरा आणला.

डबी तिनं गौरीशंकरला सांगून उमरग्याहून मागवून घेतली आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली. ‘तपासा,’ ती म्हणाली. आठवड्यानं उत्तर आलं. मातीत त्याच जातीची बुरशी होती. मॅडम मनानं चांगल्या. त्या म्हणाल्या, ‘आजी, तरीही अगदी खात्रीनं सांगता येत नाही. ही बुरशी हवेतही असते. चिकटपट्टीखाली आपोआपही होऊ शकते. तुमच्यामुळंच झालं असं—’

‘मॅडम, तुमचं हे समाधान तुमच्यापाशीच ठेवा,’ रुद्रम्मा म्हणाली. ‘म्या एकदा खोटं पचवून बघितलंय. पोरगी चालली होती त्यात.’

मग तिनं विचारलं, ‘उघड्या जागेवर माझं कातडं बसवता येईल का? म्हातारं हाय, पण चिवट हाय.’ मॅडम म्हणाल्या, दुसऱ्याचं टिकत नाही, तिच्याच मांडीचं घ्यावं लागेल, आणि तेही बुरशी पुरती गेल्यावर. रुद्रम्माला याचं इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी ती कुणाशी भांडली नाही.

ड्रेसिंग बदलणारी एक नर्स होती, हरणाबाई. रुद्रम्मानं तिचा पिच्छा पुरवला. हात कसे धुवायचे, बोटांच्या बेचक्या, नखांखाली, मनगट, मग कोपर. मोजे कसे घालायचे, मोजा कशाला लागला की फेकायचा. जखमेचा रंग कसा असला की बरा, कसा असला की धावत यायचं. हरणाबाई वैतागून म्हणायची, ‘मावशी, तुम्हाला आत सोडत नाहीत, शिकून करताय काय?’ रुद्रम्मा म्हणायची, ‘तू शिकव. करायचं काय ते म्या बघते.’ तिनं ते वार्डातल्या दुसऱ्या एका म्हाताऱ्याच्या पायावर करून दाखवलं. हरणाबाईनं दोनदा चूक काढली, तिसऱ्यांदा निघाली नाही.

असे सात आठवडे गेले. दसरा आला आणि गेला. पांढऱ्या पेशी हळूहळू वर चढल्या, ताप हटला, मांडीची कातडी हातावर बसली. शिवांजली उठून बसायला लागली आणि पहिल्यांदा काचेकडं बघून तिनं जीभ दाखवली. रुद्रम्मानंही दाखवली. शिवरंजनीनं ते बघितलं.

घरी सोडायच्या दिवशी मोनिका मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. रुद्रम्मा दाराबाहेर थांबली. मॅडम सांगत होत्या, कॅन्सरचा इलाज अजून दीड वर्ष बाकी आहे, पेशी परत परत खाली जाणार. पुढचे तीन महिने या हाताचं ड्रेसिंग रोज एकाच माणसानं करायचं. शिकलेल्या हातानं, आणि जरा काही वेगळं दिसलं तर त्याच तासाला मला फोन. उमरग्यात रोज येईल अशी नर्स मी बघून देऊ का?

गौरीशंकर बायकोकडं बघायला लागला. शिवरंजनी पोरीचा हात मांडीवर घेऊन बसली होती. कोपरापर्यंतची नवी कातडी अजून लाल होती, सुरकुतलेली होती. ती त्या हाताकडं बघत होती.

‘नर्स नको,’ ती म्हणाली. ‘आत्या करतील.’

मॅडमच्या भुवया वर गेल्या. ‘नक्की? विचार करून सांग.’

‘सात आठवडे केलाय विचार. नर्स चुकली तर झाकून ठेवील आणि मला कळायचं न्हाय. मी चुकले तर मीपण झाकीन, मॅडम, मला माझी खात्री न्हाय. आत्या चुकल्या तर सांगतील. डब्याचं झाकण पडलं तरी लिहून पाठवायच्या.’ तिचा आवाज तुटला, पण तिनं तो पुन्हा धरला. ‘मी त्यांना माफ केलेलं न्हाय. ते वेगळं. पण माझ्या पोरीच्या हाताला दुसऱ्या कुणाचा हात मी लावू देणार न्हाय.’

मग ती दाराकडं वळून म्हणाली, ‘आत्या, आत या. आजचं ड्रेसिंग व्हायचंय.’

रुद्रम्मानं हातातल्या बांगड्या काढून कनवटीला खोचल्या आणि ती बेसिनपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुवायला लागली.